तिजानीचं कोपर

तिजानीला खोटं बोलता येत नसे. आमच्या ऐन झर्कासारख्या खाणीच्या गावात हा गुण फारसा कामाचा नाही. इथे कामगार संघटनेच्या निवडणुकीपासून कोंबडीच्या वजनापर्यंत सगळं थोडं थोडं वाकवूनच चालतं. पण याला ते जमायचंच नाही. शाळेत असताना आम्ही दोघांनी मास्तरांच्या बागेतली डाळिंबं चोरली. मास्तरांनी मला विचारलं, मी आईची शपथ घेऊन कानावर हात ठेवले. मग याला विचारलं, तर यानं किती खाल्ली, किती फेकली आणि कुंपण कुठे मोडलं तेही सांगून टाकलं. मार दोघांनी खाल्ला. मी अजून विसरलेलो नाही.

मी मबरूक. स्टेडियमच्या फाटकासमोर माझा कॅफे आहे. ट्युनिसची माणसं येतात तेव्हा आमच्या स्टेडियमला हसतात, कारण गवत नावाला आहे आणि प्रेक्षकांसाठी एकाच बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. हसू देत. रविवारी अख्खं गाव तिथेच असतं.

तिजानी फॉस्फेटच्या कारखान्यात पट्ट्यावर बसायचा. धावत्या पट्ट्यावरून करडा माल येतो, त्यातला नुसता दगड ओळखून बाहेर फेकायचा, हे त्याचं काम. त्या धुळीत फुप्फुसं गेली, पण नजर घारीची राहिली. रविवारी तो स्टेडियमच्या भिंतीवर चढून बसायचा आणि खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या, तिकिटाला पैसे नसलेल्या लोकांना सामना सांगायचा. आपल्या पोरानं हाताने चेंडू अडवला तर "हाताने अडवला, आपल्याच माणसाने," असं ओरडून सांगायचा. खालून चपला यायच्या. त्या चुकवत तो पुढचं सांगायचा.

त्या काळी सट्टा म्हणजे सरकारी कूपन. शुक्रवारी माझ्या कॅफेत बसून लोक पेन्सिलीने खुणा करायचे, कोण जिंकणार, कोण हरणार, कोण बरोबरीत सुटणार. रविवारी संध्याकाळी रेडिओ ऐकायचा, कपाळावर हात मारायचा, कूपन चुरगळून राखेच्या थाळीत टाकायचं आणि घरी जायचं. हरलो तर नशीब. माणसाला नशिबाशी भांडता येत नाही, म्हणून कोणी कोणाशी भांडत नसे.

मग फोन आले. आता सामना सुरू असताना पैसे लावता येतात. पुढचा कॉर्नर कुणाला, पुढचा फाऊल कोण करणार, विश्रांतीच्या आत गोल होणार का, पुढचं पिवळं कार्ड कुणाला. चेंडू हलला की भाव हलतो. आणि गंमत बघा, आमच्या तिसऱ्या श्रेणीच्या, चिखलातल्या सामन्यावर समुद्रापलीकडची माणसं पैसे लावतात, ज्यांना ऐन झर्का नकाशावर सापडणार नाही. त्यांना इथे काय चाललंय हे कळणार कसं? त्यासाठी मैदानावर एक माणूस लागतो. त्याने फोन घेऊन बसायचं आणि जे घडेल त्याचं बटण दाबायचं. हल्ला, कॉर्नर, फाऊल, गोल. त्याने दाबलं की चार-पाच श्वासांत जगभर भाव बदलतात.

असा माणूस शोधत कंपनीचा एक सुटाबुटातला पोरगा माझ्या कॅफेत आला. म्हणाला, "नजर चांगली आणि खोटं न सांगणारा कोणी आहे का?"

सगळा कॅफे एका आवाजात म्हणाला, "तिजानी!" आणि मग हसला, कारण पहिल्यांदाच त्या गुणाला कोणी पगार देत होतं.

कंपनीचे नियम कडक होते. सट्टा लावायचा नाही, फोन कुणाला दाखवायचा नाही, आपण कोण हे सांगायचं नाही. गावाने हे सगळे नियम दुपारच्या आत पाठ केले. तिजानी बिचारा फोन आपल्या कश्शाबियात लपवायचा. कश्शाबिया म्हणजे आमच्याकडचा लोकरीचा जाड झगा, टोपीसकट, त्यात बकरीचं पिल्लू लपलं तरी कळणार नाही. दोन्ही हात आत, फोन आत, आणि बाहेर नुसतं त्याचं दाढीवालं तोंड. उन्हाळ्यातही तो तसाच बसायचा, घामाने निथळत.

पण लोकांच्या लक्षात यायला किती वेळ लागतो! तिजानीचं कोपर झग्याखालून हलायचं. एकदा हललं तर साधं काहीतरी. दोनदा हललं तर कॉर्नर. कोपर वर जाऊन तिथेच थांबलं तर मोठी गोष्ट, कारण गोल किंवा दुखापत असेल तर खेळाडूचा क्रमांक भरून पुन्हा पक्कं करावं लागे. आणि काहीच विशेष नसलं, कोणी उगाच लोळून वेळ काढत असलं, की एक बटण दाबून त्याचा उजवा हात झग्याबाहेर यायचा आणि सूर्यफुलाच्या बियांच्या पुडीत जायचा. तिजानीने बिया फोडायला घेतल्या म्हणजे मैदानात नाटक चाललंय, हे पायऱ्यांवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं.

त्याच्याभोवती गर्दी व्हायला लागली. लोक मैदानाकडे पाठ करून त्याच्या कोपराकडे बघत बसायचे आणि अंगठा फोनवर तयार ठेवायचे. चेंडू हाकेच्या अंतरावर होता, पण तो आधी तिजानीच्या झग्यात जायचा आणि मग यांना दिसायचा. मी एकदा खमैसला म्हटलं, "अरे, सामना तिकडे आहे." खमैस हा पूर्वी खाणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, आता क्लबचा प्रथमोपचारवाला. पायऱ्यांच्या पायथ्याशी, बाकावर, पेटी आणि स्ट्रेचर घेऊन बसायचा. तो मला म्हणाला, "भाऊ, माझे डोळे म्हातारे झालेत. तिजानीचे आहेत ना!"

यात आणखी एक गोष्ट झाली, आणि तीच वाईट. पूर्वी हरलो तर नशीब होतं. आता दर मिनिटाला कोणीतरी हरत होता, आणि दर मिनिटाला त्याला दोषी माणूस समोर मैदानात दिसत होता. चेंडू बाहेर गेला, मुद्दाम घालवला. पाय घसरला, मुद्दाम घसरवला. गावातली वीस-बावीस वर्षांची पोरं, ज्यांना आम्ही लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलं, त्यांना लोक सरळ तोंडावर म्हणायला लागले, "कितीला विकलास रे?"

आमचा गोलरक्षक नौफल. तिजानीचा एकुलता एक मुलगा. उंच, अबोल, आईवर गेलेला. हिवाळ्यात कधीतरी त्याचं नाव निघालं. कारण एक पांढरी गाडी गावात फिरायला लागली होती. तिचा मालक माझ्याकडे येऊन एस्प्रेसो मागवायचा, प्यायचा नाही, दोन फोन टेबलावर उताणे ठेवून बसायचा. एका संध्याकाळी नौफल त्या गाडीत बसलेला लोकांनी पाहिला. थोड्याच वेळात उतरून तो चालत घरी गेला. एवढंच. पण एवढं पुरे झालं.

तिजानी माझ्याकडे आला. कॉफी समोर थंड होत होती.

"मबरूक, परवा तो उजवीकडे उशिरा झेपावला."

"चिखल होता रे."

"चिखल डावीकडे होता."

"मग विचार त्याला! तुझा मुलगा आहे, काही परका आहे का?"

"काय विचारू? बापाने पोराला विचारायचं असतं का, की तू स्वतःला विकलंस का म्हणून?" त्याने कप बाजूला सारला. "त्याआधीच्या सामन्यातही चेंडू लाथाडून झाल्यावर तो खांबाला टेकून उभा राहिला. पूर्वी टेकायचा नाही. मी बघतोय. मला कळेल."

"बघून सगळं कळतं होय रे तिजानी?"

"मला आजपर्यंत कळलंय," तो म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं.

मला त्या दिवशी त्याची भीती वाटली. मुलाबद्दल संशय आहे म्हणून नाही. संशय कुणालाही येतो. भीती वाटली ती त्याच्या शांतपणाची. पट्ट्यावर दगड येण्याची वाट बघत बसलेला माणूस जसा शांत असतो, तसा तो होता. घरी जेवताना तो नौफलच्या हातांकडे बघायचा, जिना चढताना पावलांकडे बघायचा. सलूहा, त्याची बायको, माझ्या बायकोला म्हणाली, "घरात पोलीस ठेवल्यासारखं झालंय गं."

फेब्रुवारीतला तो रविवार. जो हरेल तो खालच्या श्रेणीत जाणार होता. वारा असा की फॉस्फेटची धूळ दातांत करकरत होती. आम्ही एका गोलने पुढे होतो आणि सामना संपत आला होता. समोरच्या संघाचे सगळेच्या सगळे आमच्या गोलपाशी येऊन आदळत होते. पायऱ्यांवर निम्म्यांचे पैसे आमच्या जिंकण्यावर होते, निम्म्यांचे शेवटच्या क्षणी गोल होण्यावर. एकाच गावची माणसं, शेजारी शेजारी बसून, एकमेकांच्या विरुद्ध देवाला हाका मारत होती. पांढऱ्या गाडीवाला सर्वांत वरच्या पायरीवर उभा होता. दोन्ही फोन हातात.

नौफलने एक चेंडू अडवला, छातीशी धरला, उठला. दोन पावलं चालला. आणि खाली बसला. मग कुशीवर आडवा झाला. चेंडू हातातून सुटून घरंगळत गेला. जवळपास कोणी नव्हतं, त्याला कुणाचा धक्का लागला नव्हता.

समोरच्या संघाचे पाठीराखे शिट्ट्या मारायला लागले. ते साहजिक होतं. पुढे असलेल्या संघाचा गोलरक्षक शेवटी शेवटी लोळतो, हे जगात सगळीकडे चालतं. पण आमचेही ओरडायला लागले. "नाटक! ऊठ, चोरा! कितीला विकलास?" ज्याला गोल हवा होता तो ओरडत होता, आणि ज्याला नको होता तोही ओरडत होता, कारण त्याला वाटत होतं की आता हा उठेल आणि गोल खाईल.

खाली खमैस अर्धवट उठला होता. पेटीचा पट्टा त्याने खांद्यावर घेतला होता. पण सवयीने त्याने मान वळवून वर बघितलं, तिजानीकडे. एकटा खमैसच नाही, सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं.

कोपर एकदा हललं. तिजानीचा उजवा हात झग्याबाहेर आला आणि बियांच्या पुडीत गेला.

खमैस खाली बसला.

माझ्या शेजारचा माणूस खुशीत म्हणाला, "बापानेच सांगितलं! आता याला पिवळं कार्ड नक्की." आणि त्याचा अंगठा चालला. आजूबाजूला सगळे अंगठे चालले. गोलरक्षकाला पिवळं कार्ड, यावर पैसे. समुद्रापलीकडेही चालले असतील. मग पायऱ्यांवरून एकच गजर उठला, "कार्ड! कार्ड! कार्ड!" पंच दुरून हात हलवत नौफलला उठायला सांगत होता. मग खिशाला हात लावत त्याच्याकडे निघाला, सावकाश, कारण त्यालाही हे सगळं ठाऊक होतं.

एवढ्या वेळात माणसाचा अर्धा ग्लास चहा पिऊन होतो.

नौफलपाशी पहिला पोहोचला तो समोरच्या संघाचा एक पोरगा. त्याला वेळ हवा होता, म्हणून तो रागारागाने नौफलच्या काखेत हात घालून त्याला ओढून उठवायला गेला. नौफलची मान मागे लटकली. त्या पोराने असा आवाज काढला की तो अजून माझ्या कानातून जात नाही. परक्या गावचं पोर ते, ज्याला आम्ही पहिल्या शिट्टीपासून आयबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या. तेच आमच्या गोलरक्षकाचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होतं, "याचे ओठ निळे पडलेत! कोणी तरी या रे!"

मग सगळे धावले. खमैस पडला, उठला, पुन्हा धावला. त्याने छातीवर दाब द्यायला सुरुवात केली आणि तो मोठमोठ्याने रडत दाबत होता. पायऱ्या रिकाम्या झाल्या. मी वळून पाहिलं तर तिजानी जागच्या जागी बसला होता. मूठ उघडी, बिया सांडलेल्या. फोन झग्यातून घसरून पायांपाशी टरफलांत पडला होता आणि एकसारखा वाजत होता. पडद्यावर कंपनीचा निरोप होता: खेळ का थांबला आहे, त्वरित नोंद करा.

"तिजानी, चल!" मी त्याला दंडाला धरून ओढलं.

"मी बघत होतो, मबरूक," तो म्हणाला. "मी पूर्ण वेळ बघतच होतो."

मोठ्या दवाखान्यात त्यांनी नौफलला वाचवलं. हृदयाचा आजार, आतल्या आत बरेच दिवस वाढत आलेला. मेंदूला हवा मिळायला उशीर झाला, त्यामुळे काय काय परत येईल ते सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग विचारलं, "आधी काही जाणवलं नव्हतं का? दम लागणं, मंद होणं?"

तिजानी सांगायला लागला. कुठल्या सामन्यात कुठल्या बाजूला उशिरा झेपावला, कधी खांबाला टेकला, जिन्यावर कितव्या पायरीशी थांबतो, चेंडू लाथाडल्यावर हात कसा छातीकडे जातो. एकही गोष्ट सुटली नाही.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळं दिसत होतं, तर आणलं का नाहीत?"

व्हरांड्यात सलूहा भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "त्या गाडीवाल्याला नौफलने तेव्हाच नाही म्हणून सांगितलं होतं. मला येऊन सांगितलं. बाबांना सांगू नको म्हणाला, ते भांडायला जातील आणि त्यांचा दमा उसळेल."

"तू मला बोलली नाहीस?" तिजानी म्हणाला.

"तुम्ही विचारलंत का? महिनाभर माझ्या पोराकडे टक लावून बघत बसलात. एकदा तोंड उघडून विचारलंत का?"

कंपनीने दुसरा माणूस नेमला. तिजानीने काम सोडलं म्हणून नाही. नोंद उशिरा आणि चुकीची झाली म्हणून. पांढरी गाडी दिसेनाशी झाली, आता काळी येते. खमैस मैदानाच्या बाजूने जात नाही, लांबचा रस्ता घेतो. आणि खरं सांगायचं तर पुढच्याच रविवारी पायऱ्या पुन्हा भरल्या. नवा माणूस झग्याऐवजी छत्रीआड बसतो, आणि लोकांनी छत्री वाचायला सुरुवातही केलीय. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. त्याऐवजी मी त्यांना कॉफी देतो.

नौफल घरी आला तेव्हा बदामाला फुलं येऊन गेली होती. उजवा हात थरथरतो, शब्द शोधावे लागतात, पण शब्द सापडतात. बायकोने दिलेला मकरूडचा, म्हणजे खजुराच्या वड्यांचा डबा घेऊन मी बघायला गेलो होतो. सलूहाने चहा ओतला. नौफल उशीला टेकून बसला होता, तिजानी समोर चटईवर. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग नौफल म्हणाला,

"बाबा. मी पडलो तेव्हा... तुम्ही काय दाबलंत?"

"चहा घे रे, निवतोय," सलूहा घाईने म्हणाली.

मी तिजानीच्या पायाला पाय लावला. मनात म्हटलं, बोल खोटं. गाढवा, आयुष्यात एकदा बोल. दुखापत म्हण. कोण बघायला गेलंय?

तिजानीने मुलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "वेळकाढूपणा."

नौफलने मान हलवली. बराच वेळ तो शब्द जुळवत राहिला.

"तुम्हाला जे दिसलं... तेच दाबलंत ना?"

"हो."

"मग बरोबर दाबलंत."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. पंचाचा निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी भला खेळाडू त्याला जसं म्हणतो, तसं तो म्हणाला. तिजानी चटईवरून गुडघ्यांवर सरकत पुढे गेला, त्याने मुलाचा तो थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तोंडावर दाबून धरला. नौफलने हात सोडवून घेतला नाही. पण त्याने बोटं मिटली नाहीत. दार वाऱ्याने आपटलं, तेव्हा तो आईकडे वळून म्हणाला, "कडी लाव ना आई, थंडी वाजतेय."